आवाज उरला, चित्र गेले



चित्रपट म्हटला म्हणजे तो पाहायचा आणि रेडिओ म्हटला म्हणजे तो ऐकायचा, असा आपला साधा हिशेब असतो. परंतु हॉलिवुडमध्ये १९३० साली तयार झालेला एक संगीतमय प्रेमपट असा आहे, की तो आता सबंध पाहायला मिळत नाही. ऐकायला मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मिळतो. त्यातली गाणी शाबूत आहेत, संवाद शाबूत आहेत, वाद्यवृंद शाबूत आहे. गाणारा माणूस तेवढा अदृश्य झाला आहे. हे असे उलटे कसे घडले, त्याची हकीकत आज सांगायची आहे.

चित्रपटाचे नाव 'द रोग साँग'. या नावातला 'रोग' म्हणजे आपल्याकडचे दुखणे नव्हे, बरं का! इंग्रजीत या शब्दाचा अर्थ लुच्चा, उनाड, कायद्याला न जुमानणारा माणूस. तेव्हा आपण त्याला 'बंडखोराचे गाणे' म्हणू. मेट्रो-गोल्डविन-मेयर या बड्या कंपनीने तो काढला. दिग्दर्शक होते लायोनेल बॅरिमोर. एका नामांकित नटघराण्यातला हा माणूस स्वतः उत्तम नट म्हणून अधिक प्रसिद्ध आहे.

हा चित्रपट समजायचा तर आधीची दोन-तीन वर्षे ध्यानात घेतली पाहिजेत. ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' हा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये लागला. तो बराचसा मूकच होता. पण मधूनमधून त्यातला नायक पडद्यावर गाऊ लागे, दोन शब्द बोले, आणि प्रेक्षक थक्क होत. झाले! दोन वर्षांच्या आत मूकपटांचा बाजार उठला. बोलपट आला आणि त्याच्या पाठोपाठ गाणे आले. पडद्याला वाचा फुटली, तर ती गाण्यानेच साजरी करावी, असे निर्मात्यांना वाटले असल्यास नवल नाही. मेट्रोच्याच 'द ब्रॉडवे मेलडी' या १९२९ सालच्या संगीतपटाला उत्कृष्ट चित्रपटाचे अकादमी पारितोषिक मिळाले. मग काय विचारता? प्रत्येक कंपनी गाणाऱ्या माणसांच्या शोधात निघाली. मूकपटातले देखणे चेहरे घरात होते. गाता गळा बाहेरून आणायचा होता. तो नाटकांतून आणि ऑपेरांतून आला. ऑपेरा म्हणजे सबंध गाण्यात चालणारे पाश्चात्त्य संगीत नाटक.

मेट्रोने ज्याला आणले त्याचे नाव लॉरेन्स टिबेट. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा या विख्यात संस्थेचा हा गायक. पुरुषाच्या आवाजाच्या ज्या जाती पाश्चात्त्य संगीतात मानतात, त्यांपैकी मधल्या पट्टीचा, भरदार असा त्याचा आवाज. जन्म १८९६ चा, कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड गावचा. वडील तिथल्या शेरिफचे, म्हणजे गावच्या पोलिस अधिकाऱ्याचे, हाताखालचे अंमलदार होते. १९०३ साली जिम मॅककिनी नावाच्या फरारी गुन्हेगाराला पकडायला गेले असता झालेल्या गोळीबारात ते मारले गेले. पोरगा तेव्हा सहा वर्षांचा होता. पुढे लॉस एंजेलिसला ग्रॉमन यांच्या चित्रपटगृहात मूकपट सुरू होण्यापूर्वी रंगमंचावर उभे राहून गाण्याचे काम त्याला मिळाले. पडदा मुका होता, म्हणून गाण्याला माणूस लागत होता.

१९२३ साली तो मेट्रोपोलिटनमध्ये लहान भूमिका करू लागला. २ जानेवारी १९२५ च्या रात्री व्हर्दीच्या 'फालस्टाफ' या ऑपेरात त्याने फोर्डची दुय्यम भूमिका केली. त्याचा प्रवेश संपला आणि टाळ्यांचा असा कडकडाट सुरू झाला, की टिबेट पडद्यापुढे येऊन वंदन करीपर्यंत लोकांनी खेळ पुढे जाऊ दिला नाही. एका रात्रीत त्याचे नाव झाले. गंमत अशी, की घराण्याच्या मूळ नावात शेवटी एकच 'टी' होता. संस्थेच्या कार्यक्रमपत्रिकेत चुकून दोन छापले गेले आणि तेच नाव कायम राहिले.

या गायकाला मेट्रोने भूमिका दिली ती दरोडेखोराची! ज्याच्या बापाचा जीव फरारी गुन्हेगाराच्या गोळीने गेला, तो मुलगा पडद्यावर बंडखोरांचा नायक होऊन गाऊ लागला. नियतीच्या या खेळावर अधिक बोलण्याचे कारण नाही.

आता कथानक. काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्यामध्ये कॉकेशस नावाची उंच डोंगरांची रांग आहे. झारशाहीच्या काळी तिथे रशियन सरदारांची सत्ता होती. त्या डोंगरात येगोर नावाचा एक बंडखोर आपल्या टोळीसह राहतो आणि गातो. राजकन्या व्हेरा हिची नि त्याची गाठ पडते, आणि तो तिच्यावर लुब्ध होतो. पण व्हेराचा भाऊ सर्ज हा येगोरच्या बहिणीची अब्रू घेतो, आणि ती पोरगी जीव देते. येगोर सर्जचा गळा आवळून सूड घेतो आणि व्हेराला पळवून डोंगरात नेतो. व्हेरा त्याला पकडून देते. त्याला बांधून चाबकाचे फटके मारले जातात, आणि फटके बसत असता तो गात राहतो. ते गाणे ऐकता ऐकता व्हेराचा द्वेष गळून पडतो. ती त्याची सुटका करते; पण दोघांच्या मध्ये एक मृत्यू आणि दोन समाज उभे आहेत. शेवटी दोघे एकमेकांचा निरोप घेतात.

कथा भडक आहे, हे कबूल करावे लागेल. पण संगीत नाटकावर वाढलेल्या मराठी माणसाला त्यात अवघडल्यासारखे वाटणार नाही. दुःखाचा कडेलोट झाला की पात्र गाऊ लागते, हा संकेत आपल्या रंगभूमीने चांगला रुजवलेला आहे. या चित्रपटाचे मूळही अशाच एका संगीतिकेत होते. व्हिएन्नाचे नामवंत संगीतकार फ्रांझ लेहार यांची 'जिप्सी लव्ह' या इंग्रजी नावाने ओळखली जाणारी संगीतिका १९१० साली रंगभूमीवर आली होती. तिच्यातले काही संगीत घेतले, कथा बहुतेक नवी लिहिली, आणि हर्बर्ट स्टॉटहार्ट यांनी नव्या चाली बांधल्या.

चित्र पुरे होत आले आणि कंपनीच्या लोकांना वाटले, की हे सगळे फार गंभीर झाले. थोडा विनोद हवा. तेव्हा लॉरेल आणि हार्डी ही जोडी बोलावण्यात आली. हो, तेच आपले जाड्या-रड्या! त्यांना येगोरच्या टोळीतले दोन बावळट साथीदार केले, आणि त्यांच्या प्रवेशांचे छोटे छोटे तुकडे नंतर घेऊन मधूनमधून जोडले. त्यांचे नेहमीचे निर्माते हॅल रोच यांनी हे प्रवेश दिग्दर्शित केले. या जोडीच्या चाहत्यांची पुढे या चित्रपटावर किती मेहेरबानी झाली, ते पुढे येईलच.

१७ जानेवारी १९३० रोजी हॉलिवुडच्या ग्रॉमन यांच्या चायनीज थिएटरात चित्रपटाचा पहिला खेळ झाला. ज्या ग्रॉमनच्या पदरी टिबेट मूकपटापूर्वी गात असे, त्याच्याच दुसऱ्या थिएटरात आता पडद्यावरचा टिबेट गात होता. त्या वर्षीच्या उत्कृष्ट नटाच्या अकादमी पारितोषिकासाठी ज्यांची नावे पुढे आली, त्यांत टिबेटचे नाव होते. पारितोषिक जॉर्ज आर्लिस यांना मिळाले. पण पहिल्याच चित्रपटात एका गवयाने हा मान मिळवला, ही लहान गोष्ट नव्हे.

चित्रपट संपूर्ण रंगीत होता, आणि इथेच त्याच्या नाशाचे पहिले बीज आहे. त्या काळी टेक्निकलर कंपनीची पद्धत दोन रंगांची होती. कॅमेऱ्यात भिंगामागे एक लोलक बसवलेला असे. तो प्रकाशाचे दोन भाग करी. एकातून तांबड्या अंगाचे आणि दुसऱ्यातून हिरव्या अंगाचे चित्र एकाच फिल्मवर उमटे. मग छपाईत दोन्ही रंग एकावर एक चढवीत. आपल्याकडे साडीवर दोन ठशांनी छपाई करतात, तसेच म्हणा ना. माणसाचा वर्ण, तांबडी वस्त्रे, झाडी छान दिसत. आकाशाची खरी निळाई मात्र येत नसे. अशा प्रती टेक्निकलरच्या स्वतःच्या कारखान्यातच निघत. १९३२ पासून तीन रंगांची सुधारलेली पद्धत आली आणि दोन रंगांची छपाई मागे पडली. या 'बंडखोरा'च्या नव्या प्रती कोणी काढल्या नाहीत. रंगाचा नाद त्या वेळी सगळीकडेच होता. आपल्या प्रभात कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करण्यासाठी जर्मनीपर्यंत धाव घेतली; पण रंग मनासारखे उतरले नाहीत.

दुसरे बीज लोकांच्या कंटाळ्यात होते. १९३० या एका वर्षात हॉलिवुडने शंभरावर संगीतपट काढले. कथेला गरज असो वा नसो, नायक दार उघडून आत आला की गाऊ लागे. लोकांना त्याचा उबग आला. त्यातच ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळून मंदी सुरू झाली होती. १९३१ साली संगीतपटांची संख्या घसरून अवघ्या चौदावर आली. तयार झालेल्या काही चित्रांतून तर गाणी कापून काढण्यात आली! टिबेटने १९३१ च्या अखेरपर्यंत मेट्रोसाठी आणखी तीन चित्रपट केले, आणि मग तो आपल्या ऑपेराकडे परतला. दोन वर्षांपूर्वी डोक्यावर घेतलेल्या चित्राची आठवण ठेवायला बाजारात कोणी उरले नाही.

तिसरे बीज फिल्मच्या अंगातच होते. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपटगृहांतली फिल्म नायट्रेटची असे. कापसासारख्या तंतुद्रव्यावर नत्राम्लाची क्रिया करून ती बनवीत. बंदुकीची धूरविरहित दारू याच घराण्यातली. एकदा पेटली, की ती स्वतःच्या पोटातल्या प्राणवायूवर जळत राहते. पाण्याने विझत नाही. पेटली नाही तरी उष्ण, दमट जागी ती चिकट होते, मग भुरभुरीत होते, आणि अखेर डब्यात तांबूस भुकटी उरते. १९६५ साली कल्व्हर सिटी येथे मेट्रोच्या एका फिल्म-कोठीत स्फोट होऊन आग लागली आणि कंपनीचे कितीतरी जुने चित्रपट नष्ट झाले. आपल्या 'बंडखोरा'ची मूळ फिल्मही त्याच आगीत गेली, असे मानतात. टिबेट त्याआधी पाच वर्षे, जुलै १९६० मध्ये वारला होता.

मग आवाज कसा वाचला? सुरुवातीच्या बोलपटांत आवाज देण्याच्या दोन पद्धती होत्या. एकीत आवाजाची रेघ फिल्मच्या कडेलाच छापलेली असे. दुसरीत आवाज वेगळ्या तबकडीवर असे. ही तबकडी घरच्या ग्रामोफोनच्या तबकडीसारखीच, पण केवढी! सोळा इंच व्यासाची. घरची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तीन-चार मिनिटांत संपे. ही मिनिटाला सुमारे ३३ फेरे घेई आणि अकरा मिनिटे चाले. एक हजार फुटांचे एक रीळ पडद्यावर तेवढाच वेळ चालते. म्हणजे एका रिळाला एक तबकडी, असा जोडा जमे. सुई आतून सुरू होऊन बाहेर येई. ऑपरेटरने रिळावरची खुणेची चौकट यंत्रात बसवायची, तबकडीवरच्या बाणावर सुई ठेवायची, आणि दोन्ही एकदम सुरू करायची.

या पद्धतीत कटकट फार. फिल्म मध्येच तुटली आणि चार चौकटी कापून जोडली, तर तेवढ्याच काळ्या चौकटी घालाव्या लागत; नाहीतर नायिकेचे ओठ हलत आणि आवाज नायकाचा येई. वीसेक वेळा वाजवली की तबकडी झिजे, म्हणून ती टाकून नवी घ्यावी लागे. तबकडीची यंत्रणा बसवलेली चित्रपटगृहे पुष्कळ होती, म्हणून कंपन्या काही वर्षे दोन्ही प्रकार पुरवीत. पण शहाणी माणसे म्हणत, फिल्मवरचा आवाजच खरा. तबकडीचे दिवस भरले. आणि ते बरोबरच होते. थोड्याच वर्षांत तबकड्या हद्दपार झाल्या.

आता इतिहासाचा न्याय पाहा. सुधारलेली, सोयीची, जिंकलेली पद्धत ती फिल्मची, ती जळाली. मागासलेली, हरलेली, अडगळीत गेलेली पद्धत ती तबकडीची, ती टिकली. तबकडी पेट घेत नाही, कुजत नाही. फक्त पडू द्यायची नाही, एवढीच तिची अट. सर्व रिळांच्या तबकड्या उरल्या. प्रत्येकीवर चित्रपटाचे नाव आणि रिळाचा क्रमांक छापलेला असे, म्हणून त्या ओळीने लावता आल्या. चित्राचे मात्र थोडे तुकडेच पुढे हाती लागले. एका तुकड्यात जाड्या-रड्याचा तंबू वादळात उडून जातो आणि दोघे अंधाऱ्या गुहेत शिरतात. तिथे आधीच एक अस्वल बसलेले असते. या जोडीच्या हौशी चाहत्यांनी जगभर शोध चालवला नसता, तर एवढ्याकडेही कोणाचे लक्ष गेले नसते. शेवटी जोडलेला विनोद चित्राच्या स्मृतीचा राखणदार ठरला. दुसऱ्या एका तुकड्यात समूहनृत्याचा काही भाग आहे. त्या नृत्याचे संगीत दिमित्री टिओमकिन यांचे. पुढे 'हाय नून' सारख्या चित्रपटांनी ते जगाला ठाऊक झाले.

हा चित्रपट आज ऐकायला बसले म्हणजे काय होते? टिबेटचा आवाज भरून येतो. चाबकाच्या प्रसंगात तो कुठेही लवत नाही. तिथे चित्राची उणीव भासत नाही, कारण तो प्रसंग मुळात गाण्यानेच उभा केलेला आहे. पण नृत्य येते तेव्हा वाद्ये वाजतात आणि नाचणारे कोणी नसते. जाड्या-रड्याच्या प्रवेशात काहीतरी पडते, आदळते. का, ते कळत नाही. त्यांचा अर्धा विनोद चेहऱ्यावर असे, आणि चेहरा तबकडीवर उमटत नाही. कोणती कला कशात राहते, याचा हा धडाच आहे म्हणा.

आपल्याकडे या गोष्टीचा एक चटका लावणारा जोड आहे. अमेरिकन लोकांना पडद्यावरच्या गाण्याचा वीट आला, नेमक्या त्याच सुमारास, १४ मार्च १९३१ रोजी, मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' हा भारतातला पहिला बोलपट लागला. इराणींना ही स्फूर्ती 'शो बोट' या १९२९ च्या अमेरिकन चित्रावरून मिळाली होती. 'आलम आरा'त सात गाणी होती. तिकडे ओसरलेली लाट इकडे किनाऱ्याला लागली ती कायमची; आपला प्रेक्षक गाण्याला कंटाळणारा नव्हता. परंतु 'आलम आरा'चे ध्वनिमुद्रण थेट फिल्मवर झाले होते, आणि त्यातल्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या नव्हत्या. फिल्म गेली तेव्हा चित्र नि आवाज बरोबरच गेले. उरली ती काही छायाचित्रे आणि जाहिरातीचे कागद. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'चे दैव बलवत्तर, म्हणून तो मराठी बोलपट आपल्याला पाहता येतो. नायट्रेटची कोठी पेटण्याचा अनुभव पुढे पुण्यालाही आला. २००३ सालच्या तिथल्या आगीत जुन्या चित्रपटांची अनेक रिळे जळाली.

तेव्हा 'बंडखोराचे गाणे' विसरले गेले ते वाईट होते म्हणून, असे समजू नका. रंगाची पद्धत बदलली, बाजाराची आवड बदलली, फिल्मची जात नाशवंत निघाली. या तीन कारणांत चित्राच्या गुणदोषाचा कुठे संबंधच नाही. आणि जे वाचले, तेही गुणवान म्हणून वाचले नाही. ज्याचे दिवस भरले असे सगळे म्हणत होते, अशी एक वस्तू कोणीतरी फेकून दिली नाही, तिच्यावरचे नाव पुसू दिले नाही, म्हणून वाचले.

शिक्षक बंधुभगिनींनी हे मुलांना जरूर सांगावे. गावातल्या जुन्या भजनी मंडळाची तबकडी, शाळेच्या पहिल्या संमेलनाचे छायाचित्र, आजीच्या आवाजातल्या ओव्यांची टेप, यांतले काय पुढे मोलाचे ठरेल, हे आज ठरवणारे आपण कोण? तेवढे शहाणपण मेट्रोसारख्या कंपनीलाही नव्हते. आपल्या हाती एक सोपे काम आहे. वस्तूवर नाव, गाव आणि साल लिहावे, आणि ती कोरड्या जागी ठेवावी. पुढच्या माणसाला क्रम लावता येईल, एवढे पुरे.